गच्चीवरचं दहा किलोवॅट आणि शेजारचं कोराडी: उत्सर्जन खरंच कशानं कमी होतं?

मनीषनगरची_माधवी

मंडळी, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर बसवायचं घाटतंय. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे त्यावर निघतील. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे पैशांचं गणित बहुतेकांना पटलंय. घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. सभेत एक काका उठून म्हणाले, "बिल वाचतं म्हणून बसवा, माझी ना नाही. पण पत्रकात 'हवामान बदल रोखण्यासाठी आपला हातभार' असं लिहू नका. तिकडे कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच चालू आहेत, अजून दोन येऊ घातलेत. आपल्या दहा किलोवॅटनं तिथं काय फरक पडणार?"

काका खोडसाळपणे बोलत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं आणि ते आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

तर प्रश्न असा: कार्बन कर, अनुदान, बंदी, सक्ती असे किती तरी उपाय गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर करून झालेत. त्यातल्या कशानं उत्सर्जन उतरलं? आणि स्वतः वीज बनवणाऱ्या, कोळशावर पोट असणाऱ्या आणि मे महिन्यात भाजून निघणाऱ्या नागपुरात त्यातलं काय लागू पडतं? अनुभव आणि आकडे, दोन्ही चालतील.

तर्रीपोहा

बिल वाचून राहिलं ना? मग बसवा की. पत्रकात काय लिहायचं ते नंतर पाहू.

अभियंता_निवृत्त

माधवीताई, काकांचा प्रश्न रास्त आहे. मी औष्णिक केंद्रातच नोकरी केली, म्हणून आधी हिशेब मांडतो.

आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. दहा किलोवॅटचे झाले १४,०००. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तुमची गच्ची वर्षाला सुमारे १० टन वाचवेल.

आता दुसरी बाजू. ६६० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला ६ लाख ६० हजार युनिट बनवतो. सुपरक्रिटिकल (जास्त दाब-तापमानाच्या वाफेवर चालणारं) तंत्र असल्यामुळे जुन्या संचांपेक्षा कोळसा कमी लागतो, तरी युनिटमागे ०.९ किलो धरा. तासाला जवळजवळ ६०० टन. मिनिटाला १० टन.

थोडक्यात, तुमच्या गच्चीचं एक वर्ष म्हणजे त्या एका संचाचं एक मिनिट.

सीताबर्डी

एक मिनिट!! सर, हे वाचून बसवणारेही बसवणार नाहीत.

अभियंता_निवृत्त

@सीताबर्डी, आकडा लपवून लोक तयार करायचे आणि मग कोणी विचारलं की गप्प बसायचं, हे मला पटत नाही. पूर्ण आकडा सांगितला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: अशा किती गच्च्या लागतील?

शुभदा_धरमपेठ

तो हिशेब मी पुढे नेते. वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. तेव्हा वर्षभर पूर्ण भारावर चालणाऱ्या एका संचाची बरोबरी करायला सव्वापाच लाख अशा गच्च्या हव्यात, म्हणजे जवळपास ५,२५० मेगावॅट सोलर. आकडा मोठा वाटतो. पण सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली तेव्हा लक्ष्य होतं १ कोटी घरं आणि घरगुती छतांवर ३०,००० मेगावॅट. ते पूर्ण झालं तर असे पावणेसहा संच वर्षभर बंद ठेवल्याइतकं उत्सर्जन टळतं. माधवीताईंची गच्ची त्या एका कोटीतली असेल तर काकांना उत्तर आहे. एकटीच असेल तर काका बरोबर आहेत. एका गच्चीचं वजन मागच्या धोरणावर ठरतं.

आता मूळ प्रश्न, कशानं उतरलं? मी महाविद्यालयात पर्यावरण शिकवते आणि या विषयावर विद्यार्थ्यांना हमखास एक अभ्यास वाचायला लावते. ऑगस्ट २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. ४१ देशांमधली १९९८ ते २०२२ या काळातली सुमारे १,५०० धोरणं तपासली. उत्सर्जनात ठळक घट झाली अशी उदाहरणं सापडली फक्त ६३. पंधराशेमध्ये त्रेसष्ट!

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, सुटं अनुदान किंवा सुटी बंदी सहसा पुरत नाही, उपायांची मोट बांधावी लागते. अनुदानाच्या जोडीला किंमत, किमतीच्या जोडीला नियम. दुसरी, श्रीमंत देशांत कर किंवा किंमत हे हत्यार एकटंही बऱ्यापैकी चालतं, विकसनशील देशांत मात्र नियम आणि सक्ती यांचा प्रभाव जास्त दिसला. आपल्याकडे अनुदान जाहीर झालं की बातमी होते, नियमांची अंमलबजावणी झाली तर होत नाही, आणि परिणाम नेमका तिथे असतो.

कोथरूडकर

एवढं गुंतागुंतीचं कशाला? कार्बनवर कर लावा, बाकी बाजार बघून घेईल. स्वीडननं १९९१ मध्ये लावला, तिथली अर्थव्यवस्था काही बुडाली नाही.

अभियंता_निवृत्त

@कोथरूडकर, आपल्याकडे कोळशावर उपकर होताच. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, मग १००, २०० आणि २०१६ मध्ये ४००. नाव होतं स्वच्छ ऊर्जा उपकर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विरघळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

या सगळ्या काळात कोळशाचा वापर वाढतच गेला. कारण कोराडी काय की मौदा काय, कोळशाचा खर्च वीजदरात जातो आणि दर ग्राहक भरतो. कमी कोळशात वीज बनवायची ओढ वीजकेंद्राला त्यातून लागत नाही. कर वाईट असं मी म्हणत नाही. तो ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला लागला पाहिजे आणि आलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे.

शुभदा_धरमपेठ

याला जोडून सुरतेचं उदाहरण देते. तिथं २०१९ पासून सुमारे ३०० कारखान्यांमध्ये धुरातल्या कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. एकूण धुरावर मर्यादा, आत खरेदी-विक्री. बाजारात असलेल्या कारखान्यांचा धूर बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झाला. ते कण आहेत, कार्बन नव्हे, हे मान्य. पण 'भारतात असले बाजार चालत नाहीत' हा आक्षेप निकालात निघाला. चिमणीवर सतत मोजणारं यंत्र होतं आणि मर्यादा ओलांडली की अनामत कापली जायची, म्हणून ते चाललं. केंद्राची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झालीये. तिच्यात मोजणी इतकी कडक राहते का, यावर सगळं अवलंबून आहे.

कोराडी_रोड

सगळे सर-मॅडम छान लिहून राहिले. मी जरा वेगळं सांगतो. आमच्या घरातले दोघं कंत्राटी कामगार आहेत. कोळसा हाताळणी आणि देखभाल. गेटासमोर भावाची पंक्चरची टपरी. राखेचे बल्कर चालवणारे, मेसवाले, खोल्या भाड्यानं देणारे, सारा गाव त्यावर. तुम्ही 'संच बंद' असा शब्द लिहिता तेव्हा मला त्या दोघांचे पगार दिसतात.

प्रदूषण नको असं आम्हालाही वाटते ना. श्वास तर आम्हीच घेतो तिथला. पण एकाही कागदावर आमचं काय होणार ते लिहून नाही. कायम कर्मचाऱ्याची बदली होते. कंत्राटी माणसाची काय होते?

सीताबर्डी

+१. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

शुभदा_धरमपेठ

कोराडी_रोड भाऊ, याला इंग्रजीत मोठं नाव आहे, मी साध्या भाषेत लिहिते. कोळसा सोडताना त्यावर जगणाऱ्यांची सोय आधी लावायची. ज्या देशांनी हे आधी केलं तिथं विरोध कमी झाला. स्पेनमध्ये २०१८ मध्ये खाणी बंद करताना सरकारनं कामगार संघटनांबरोबर करार केला: वयस्कांना लवकर निवृत्ती, तरुणांना प्रशिक्षण, खाणीच्या जागा दुरुस्त करायच्या कामात त्याच कामगारांना प्राधान्य. जर्मनीनं कोळसा सोडायला उशिरात उशिरा २०३८ ही तारीख ठरवली आणि कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरो बाजूला काढले. ब्रिटननं शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं, पण तारीख अनेक वर्षं आधी जाहीर होती.

आपल्या जिल्ह्यात वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचं) मुख्यालय आहे, उमरेड-सावनेर-कामठीच्या खाणी आहेत, कोराडी-खापरखेडा-मौदा आहे. कंत्राटी कामगारांची नोंद आणि त्यांच्या कामाचं कसब लिहून ठेवणं हे धोरणाचं पहिलं पान व्हायला हवं. नोंदच नसेल तर उद्या भरपाई कोणाला देणार?

कोराडी_रोड

हे बरोबर बोललात मॅडम. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सगळे आहेत आमच्यात. सोलरचं काम शिकायला वेळ नाही लागत. पण सोलरचं काम बसवण्यापुरतं असते, मग संपते. केंद्रात तीस वर्षं नोकरी होते. हा फरक कोणी लिहीत नाही.

वैशाख_वणवा

अवांतर: नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी आठवते का कोणाला? मे २०२४. माझ्या पुण्याच्या बहिणीनं रडत फोन केला होता, "तुम्ही सगळे आहात ना?"

तर्रीपोहा

😄 सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानं नंतर सांगितलं. ते वाचूनही आमचे बाबा म्हणाले, "सेन्सरला पण झेपलं नाही."

वैशाख_वणवा

तर त्यावरूनच मुद्द्यावर येतो. वीज कशी बनते यावर सगळे बोलताहेत, वापर कशानं वाढतोय यावर कोणी नाही. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी प्रत्येक खिडकीला कूलर होता, आता भिंतीला एसी. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे जूनमध्ये ढग येईपर्यंत कूलर उत्तम काम करतो. दीडशे-दोनशे वॅट आणि पाणी. दीड टनी एसी भर दुपारी दीड किलोवॅटच्या आसपास जातो. हवेत ओल आली की कूलर निकामी, हे खरं. पण मार्च ते मे खसच्या नव्या ताट्या लावून निभावतं.

मी एसी दुरुस्तीचं काम करतो म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. एसीतला गॅस. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला तर सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. एका भारतीयाचं वर्षाचं सरासरी उत्सर्जन साधारण तेवढंच आहे. आर-३२ चा परिणाम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. आणि कामावर मी काय पाहतो? फ्लेअर नट ढिला, सांध्याला तेलाचा काळपट डाग, बोटाला चिकट लागतो. गॅस तिथूनच जातो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो, पाच मिनिटांचं काम. पण ग्राहक म्हणतो, "गॅस भरून द्या, बाकी राहू द्या." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचं यंत्र फार थोड्या कारागिरांकडे आहे, बाकीचे सोडून देतात हवेत.

भारतानं किगाली कराराला २०२१ मध्ये मान्यता दिली, हे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचेत. करार दिल्लीत झाला, नट माझ्या हातात आहे. कारागिरांना ते यंत्र भाड्यानं मिळायची सोय केली तर स्वस्तात मोठं काम होईल.

मनीषनगरची_माधवी

@वैशाख_वणवा, भाऊ, हे आमच्या पत्रकात घालतेच. गळती तपासल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका, हे कोणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

कोथरूडकर

गच्चीला पांढरा चुना लावा, आतलं तापमान उतरतं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलंय.

धंतोलीचा_बंड्या

चुन्याला +१. वरच्या मजल्यावर राहतो, फरक जाणवतो. पण सोलर बसलं की पॅनलखालची गच्ची तशीही सावलीत राहते, तिथं चुन्याचा खर्च करू नका.

कोराडीला धूर धुण्याची यंत्रं बसवली की उत्सर्जन कमी होईल ना? त्यासाठी दबाव आणायला हवा.

अभियंता_निवृत्त

@धंतोलीचा_बंड्या, ती यंत्रं गंधकाच्या वायूसाठी. २०१५ मध्ये निकष आले, मुदती वाढत गेल्या, जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना सूट मिळाली. छातीच्या आजारांसाठी तो विषय फार मोठा आहे आणि त्यासाठी दबाव आणलाच पाहिजे. पण कार्बन डायऑक्साइड त्यानं कमी होत नाही, यंत्र चालवायला थोडी वीज उलट जास्तच लागते. दोन्ही लढाया लढायच्या, पण वेगवेगळ्या.

काटोलचा_बागायती

शहरातल्या गच्च्यांवर एवढी चर्चा झाली, आता वावरात या. आमच्या इकडं थ्री फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. संत्र्याला पाणी द्यायला रात्री दोनला टॉर्च घेऊन जावं लागे. पायाखाली साप, बांधावर रानडुक्कर, कधी बिबट्याची भीती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत आमचा फीडर (शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी) सोलरवर गेला, तेव्हापासून दिवसा लाईन. हवामानासाठी किती टन वाचले मला नाही माहीत, पण माझी बायको रात्री निवांत झोपते.

शुभदा मॅडम म्हणाल्या ना, धोरणांची मोट. मोट आमच्याच कामाची गोष्ट, म्हणून सांगतो. ही योजना चालली कारण त्यात शेतकऱ्याला काही सोसावं लागत नाही. कार्बन कमी व्हावा म्हणून रात्री जागा असं म्हटलं असतं तर कोणी केलं असतं? मी तर नाही.

एक धोका आहे. दिवसा वीज मिळाली की पाणी उपसायला हात मोकळा होतो. स्वतंत्र सौर पंपाला तर बिलच नाही. आमचा पट्टा आधीच खोल गेलेला, बोअर हजार फुटांवर. ठिबकची सक्ती सोबत नसेल तर कार्बन वाचवून पाणी घालवू.

शुभदा_धरमपेठ

दादा, शेवटचा परिच्छेद धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर चिकटवायला हवा.

पऱ्हाटी

दादांचं बरोबर. आमच्या यवतमाळकडं कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेतातच जाळतात. आता त्याच्या कांड्या करून औष्णिक केंद्रात कोळशासोबत जाळायचं धोरण आहे, २०२१ पासून. पण पऱ्हाटी उपटायला मजूर, कुटायला यंत्र, न्यायला ट्रॅक्टर. भाव त्यातच संपतो. गावातच कुट्टी यंत्र दिलं तर जमेल. भावाची हमी नसेल तर शेतकरी काडीच लावणार, त्याला पुढच्या पेरणीची घाई असते.

भांडेवाडीजवळ

ओला कचरा पण लिहा कोणीतरी. डेपोत दबून सडला की मिथेन होतो, आणि तो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरतो. सोसायटीत खत केलं तर डेपोपर्यंत जातच नाही. आमच्या बाजूच्या लोकांना वासही कमी येईल.

धंतोलीचा_बंड्या

एक शंका. सगळ्यांनी सोलर लावलं तर रात्री काय? सूर्य सहाला जातो आणि एसी साताला सुरू होतात.

अभियंता_निवृत्त

बंड्या, आता खरी गाठ धरलीस. देशाची स्थापित क्षमता २०२५ मध्ये निम्म्याच्या वर बिगर-जीवाश्म झाली, २०३० चं वचन पाच वर्षं आधी. पण प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सोलर दिवसातले काहीच तास चालतं. संध्याकाळचा भार उचलतो तो कोळसाच. नव्या दोन संचांच्या बाजूनं बोलणारे हाच मुद्दा मांडतात आणि तो पोकळ नाही.

त्याला उत्तर साठवण. बॅटऱ्या, किंवा घाटघरसारखी केंद्रं: दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघर २५० मेगावॅटचं आहे, अशी बरीच लागतील. दुसरं उत्तर फुकट आहे: वापर दुपारी सरकवा. दिवसाच्या वापराला दरात सवलत द्यायचं धोरण त्यासाठीच आलंय. माझं स्पष्ट मत असं की नव्या कोळशावर चाळीस वर्षांसाठी पैसा अडकवण्याआधी तेवढाच पैसा साठवणीत घालून काय मिळतं, हा हिशेब जनतेसमोर मांडायला हवा. नव्या संचांवरच्या मे २०२३ च्या जनसुनावणीत लोकांनी प्रदूषणाचे प्रश्न जोरात मांडले. हा प्रश्नही तितक्याच जोरात विचारला जायला हवा.

कोराडी_रोड

आणि साठवणीचं केंद्र कोराडीतच टाका म्हणा. जागा आहे, लाईनीचे टॉवर आहेत, माणसं आहेत. सबस्टेशन तर तयारच आहे.

अभियंता_निवृत्त

भाऊ, हे तंत्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे. जुन्या केंद्राची सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे त्याची ग्रिडजोडणी. बॅटऱ्या तिथं बसवल्या तर नवी वाहिनी टाकायचा खर्च आणि वेळ वाचतो.

मनीषनगरची_माधवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना धागा दाखवला. त्यांनी अभियंता सरांचा 'एक मिनिट' मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "हेच पत्रकात टाका, मी सही करतो." तर पत्रकात दोन्ही आकडे जाताहेत: एका गच्चीचं एक मिनिट, आणि एक कोटी घरांचे पावणेसहा संच. सोबत तीन ठराव: पाण्याची मोटर सकाळी सहाऐवजी दुपारी बारा ते तीनमध्ये चालवायची, ओल्या कचऱ्याचं खत, आणि एसीत गॅस भरण्याआधी गळतीची तपासणी. शिवाय सोसायटीच्या नावानं एक पत्र: नव्या संचांऐवजी साठवणीचा पर्याय तपासा आणि कंत्राटी कामगारांची नोंद करा. कोराडी_रोड भाऊ, त्या पत्राचा मसुदा तुम्ही एकदा वाचून द्याल का?

एक शेवटची शंका. लाईन गेली तर सोलरवर लिफ्ट चालेल ना? वरच्या मजल्यावरच्या आजींनी मुद्दाम विचारलंय.

कोराडी_रोड

पाठवा ताई. युनियनच्या दोघांना पण दाखवतो.

अभियंता_निवृत्त

माधवीताई, नाही चालणार. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपणहून बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था असते, तिच्याशी छेडछाड करू देऊ नका. लिफ्टसाठी बॅटरी बॅकअप वेगळा घ्यावा लागेल. कोटेशन मागवताना हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणाऱ्या, इन्व्हर्टरचा दर वेगळा लिहून मागा, आणि आजींना हे सभेच्या आधीच सांगा.